छबूबाईंची सोबत

मोबाईलवर कल्याणचं नाव दिसलं तेव्हा गोरक्ष काट्यावर होता. शेवगावात मार्केट यार्डाच्या थोडं पुढं त्याचा वजनकाटा आहे. भरलेली गाडी चढवायची, वजन घ्यायचं, माल उतरवून ती रिकामी आली की पुन्हा वजन घ्यायचं, असा हा धंदा. कापसाचे दिवस होते आणि रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग लागली होती.

कल्याण त्याचा सख्खा धाकटा भाऊ, पण दोन वर्षांत त्याचा एकही फोन गोरक्षला आला नव्हता. त्यामुळं फोन उचलण्याआधी गोरक्षच्या मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं.

"आई कुठंय?" कल्याणनं विचारलं. दादा नाही, कसा आहेस नाही.

गोरक्ष म्हणाला, रोमला, अजून कुठं. कल्याण म्हणाला, ते त्यालाही माहीत होतं. विमान कधीचं उतरलं होतं, सामान हातात आलं होतं, आईला न्यायला आलेला बोटीचा माणूस तिच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. आई त्याच्यासमोरच्या बाकड्यावर बसली होती आणि काही केल्या गाडीत बसायला तयार नव्हती. तो बिचारा पाटी दाखवायचा, आई मान डोलवायची, आणि पुन्हा तिथंच. शेवटी त्यानं बोटीच्या ऑफिसला कळवलं, ऑफिसनं कल्याणला.

"तू काय सांगून धाडलंय तिला?" कल्याण म्हणाला.

गोरक्षनं आईला बऱ्याच गोष्टी सांगून पाठवलं होतं. पासपोर्ट पिशवीत नको, पोटाशी ठेव. विमानात पाणी मागायला लाजू नको. दिसेल त्याला आपल्या गुडघ्याची हकिकत सांगू नको. त्यातली नेमकी कोणती गोष्ट तिनं एवढी मनावर घेतली, हे इथं शेवगावात बसून कसं कळावं?

कल्याण आचारी आहे, मोठ्या प्रवासी बोटीवर. पर्यटकांना घेऊन गावोगावच्या बंदरांना फिरणारी ती बोट, आत म्हणे अख्खं शेवगाव मावेल. कंपनी कामगारांच्या आईबापांना एकदा आठवडाभर फिरवून आणते, तशी त्यानं आईला तिकिटं पाठवली होती. स्वतः घरी यायचं मात्र नाव नव्हतं. ज्या घरात दादा आहे त्या घरात मी पाय ठेवणार नाही, असं तो आईला फोनवर स्पष्ट म्हणाला होता. म्हणून आईच, म्हणजे छबूबाईच निघाल्या. कधी नाशिकच्या पुढं न गेलेली बाई दुबईला विमान बदलून रोमला जायला एका पायावर तयार झाली, ती काही समुद्र बघायला नाही. "म्या त्याला माघारी घिऊन येते," असं त्यांनी निघताना गोरक्षच्या बायकोला, रेश्माला सांगितलं होतं. त्या जर बोटीवर पोचल्याच नाहीत, तर कल्याण कायमचा गेला असं धरून चालायचं. हे गोरक्षला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

भांडणाचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, नगरच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा कल्याणनं फोन करून विचारलं होतं, कसे आहेत? बोटीवरची त्याची पहिलीच नोकरी, मधेच सोडून आला तर पुन्हा घेतील न घेतील. गोरक्षनं सांगून टाकलं, बरे आहेत, उद्या घरी सोडतायत, तू घाई करू नको. पुढं दोन दिवसांनी कल्याणला कळलं ते एका मित्राच्या स्टेटसवर. अण्णांचा हार घातलेला फोटो आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तो आला, दहाव्याला नदीवर बसला, भावाकडं न बघता परत गेला. गोरक्षचं म्हणणं एकच, मी त्याच्या भल्यासाठीच बोललो. हे तो ज्याला त्याला सांगायचा, आणि सांगून झाल्यावर त्याला कधीच बरं वाटायचं नाही.

असो. त्यानं काट्यावरची गाडी तशीच ठेवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला आणि पडद्यावर छबूबाईंचा कान दिसला. फोन आला की तो कानाला लावायचा, एवढंच त्या जाणत होत्या. गोरक्षनं चार वेळा सांगितल्यावर कान गेला आणि अर्धा चेहरा आला, मागं काचेच्या भिंती आणि चाकांच्या पेट्या ओढत जाणारी माणसं.

"मी बरी हाय," छबूबाई म्हणाल्या. "बाई हायेत संगं."

बाई म्हणताच गोरक्षच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आपल्याकडं बाईमाणसाला एकटं प्रवासाला धाडत नाहीत. लेक सासरी निघो नाहीतर म्हातारी लेकीकडं, स्टँडवर आधी सोबत शोधायची. बरं दिसणारं कुटुंब बघायचं, कुठं जाणार विचारायचं, आणि आमच्या माणसाला जरा बघा म्हणून हवाली करून मोकळं व्हायचं. नाही कुणी म्हणत नाही. मुंबईच्या विमानतळावर दाराच्या आत सोडेनात तेव्हा गोरक्षनं तेच केलं. रांगेत एक चष्म्याच्या, सुती साडीतल्या वयस्क बाई उभ्या होत्या. चौकशी केली तर बेलापूरच्या निघाल्या, श्रीरामपूरजवळच्या. रेबेका त्यांचं नाव, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, लेक एंजेला तिकडं नर्स, तिच्याकडं रोमलाच निघालेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या, त्यात शिक्षिका, इंग्रजी येणार. गोरक्षला तर देव भेटल्यागत झालं. त्यानं आईचा हात त्यांच्या हातात दिला आणि दोघींनाही बजावलं, घरचं माणूस न्यायला येईपर्यंत एकमेकींना सोडू नका.

एकमेकींना. हा शब्द त्यानं आपला भरीला घातला होता. छबूबाईंनी तो पदराला गाठ मारून ठेवला.

"मग उठ की, आई. तुझं माणूस आलंय."

"माझं आलंय. बाईंचं न्हाई आलं," छबूबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन वळवला. रेबेकाबाई शेजारी बसल्या होत्या, पर्स छातीशी धरून. दुबईपर्यंत त्यांनी छबूबाईंना सांभाळलं होतं, दारं दाखवली होती, कागद भरले होते. रोमला बाहेर येऊन लेक दिसली नाही तेव्हा त्यांनी हातपाय गाळले. त्यांच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं, एंजेलाचा नंबर त्याच फोनच्या पोटात होता, आणि साखरेचा त्रास असल्यानं त्यांचे हात थरथरत होते. छबूबाईंनी पिशवीतला लाडू काढून त्यांना खाऊ घातला होता. बाईंनी गोरक्षला दोनदा नमस्कार केला आणि दोन्ही वेळा तुमचं नाव काय म्हणून विचारलं.

मागं हॉर्न वाजायला लागले. गोरक्षनं काट्यावरची गाडी उतरवली, दुसरी चढवली, आणि पावतीवर पहिलीचाच नंबर टाकला. ड्रायव्हरनं दाखवून दिल्यावर पावती फाडली. तिसऱ्या गाडीच्या वेळी स्वतःच फोन घेऊन काट्यावर उभा राहिला आणि आपलं वजन कापसात धरलं. रांगेतल्या माणसांना काय झालं ते कळलं, मग जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणालं, तिथल्या पोलिसांना सांगा. कुणी म्हणालं, पोलिसांना मुळीच सांगू नका. एकाला वाटलं, रोमलाच बंदर असेल, रिक्षा करून द्या. बंदर रोमला नव्हतं. ते तासाभराच्या वाटेवर दुसऱ्याच गावाला होतं, त्या गावाचं नाव कल्याणनं दोनदा सांगूनही गोरक्षच्या जिभेवर बसत नव्हतं. आणि तिकडं घड्याळ साडेतीन तास मागं. हे मिळवायचे की वजा करायचे, यात प्रत्येक वेळी त्याचा गोंधळ व्हायचा, आणि बोट सुटायला किती वेळ उरलाय याचं उत्तर दर वेळी वेगळंच यायचं.

बेलापूरचा अमृत मात्र उपयोगी पडला. त्याचा टेम्पो रांगेत होता. रेबेकाबाईंनी त्याला चौथीला शिकवलं होतं, आणि गणितात नापासही केलं होतं. त्यानं घरी फोन लावला, घरच्यांनी चर्चजवळच्या कुणाला गाठलं, त्यांनी बाईंच्या मुलाला, केविनला, पुण्यात पकडलं, आणि रोमच्या विमानतळावर हरवलेला नंबर बेलापूरमार्गे शेवगावच्या काट्यावर येऊन पोचला.

गोरक्षनं एंजेलाला फोन लावला. तिला आधी काही समजेना, मग ती रडायला लागली. निघायची तारीख आणि पोचायची तारीख यात तिचा एक दिवस इकडचा तिकडं झाला होता. ती आईची वाट उद्या बघणार होती. ती राहायला रोमपासून दोन तासांवर होती. दादा, मी निघालेच, आईला तिथंच बसवा, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दोन तास. गोरक्षनं कल्याणला कळवलं. कल्याणनं पाटीवाल्याला विचारून सांगितलं की गाडीत आणखी चार प्रवासी बसलेत, ते कुरकुर करतायत, फार तर दहा मिनिटं. रेबेकाबाईंना घेऊन जा म्हटलं तर यादीबाहेरचं माणूस तो बसवत नव्हता. गाडी चुकली की आई तिथं हात धरून नेणाऱ्या माणसाशिवाय उरणार, आणि संध्याकाळच्या आधी बोटीचं दार बंद होणार.

कल्याणच्या फोनवर भांड्यांचे आवाज येत होते, मागून कुणीतरी परक्या भाषेत ओरडत होतं.

"तिला सांग, त्या बाईंची पोरगी आली म्हणून," तो म्हणाला. "गाडी लावायला गेलीय, आत येतीय, असं सांग. माझं ऐकना ती. तुझं ऐकंल."

गोरक्षला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. ज्यानं एका खोट्यापायी दोन वर्षं भाऊ टाकला, तोच त्याच्याकडं दुसरं खोटं मागत होता. चेष्टा म्हणावी तर आवाज चेष्टेचा नव्हता. तो मेटाकुटीला आलेल्या पोराचा आवाज होता, आणि त्या पोराला त्याची आई हवी होती. गोरक्षला त्याची दया आली. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, की आता तरी याला कळेल, माणूस असं का बोलतो ते.

त्यानं तिघांचा कॉल जोडला.

"आई, पोरगी आली बाईंची," तो म्हणाला. "बाहेर गाडी लावतीय. पाच मिन्टांत तुमच्यापशी येती. तू ऊठ, तुझी गाडी चाललीय."

"आली का? देवच पावला," छबूबाई म्हणाल्या. त्यांनी रेबेकाबाईंना ते सांगितलं. बाईंचा चेहरा एवढा उजळला की गोरक्षनं नजर दुसरीकडं वळवली. छबूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पिशवी उचलली, पाटीवाल्याकडं दोन पावलं गेल्या. मग थांबल्या. फोन चेहऱ्यासमोर धरला, या वेळी अगदी नीट.

"गोरक्षा," त्या म्हणाल्या, "खरं सांगतोस न्हवं? अन्नांच्या टायमाला कल्यानला सांगितलं हुतं, तसलं न्हाई न्हवं हे?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हातारीला दोन पोरांत काय बिनसलं ते माहीत होतं, आणि ज्या पोराच्या शब्दावर ती परक्या मुलखात एका थकल्या बाईला सोडून निघाली होती, त्या शब्दाची तिला खात्री हवी होती, एवढंच. काट्यावर टेम्पो उभा होता, वजनाचे आकडे लाल दिसत होते, रांगेतली माणसं जवळ सरकली होती. कॉलवर कल्याणही ऐकत होता. गोरक्षनं ‘खरं’ म्हणायला तोंड उघडलं. तो एक शब्द बोलला की सगळं जागच्या जागी बसणार होतं, आई बोटीवर, भाऊ आईजवळ, उद्या कदाचित भाऊ घरी. तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

"न्हाई, आई," तो म्हणाला. "खोटं बोललो मी. ती दोन तासांनी येनार हाय. तुझी गाडी आत्ता निघंल. थांबलीस तर बोट चुकंल. आता तू ठरव."

छबूबाई माघारी गेल्या आणि बाकड्यावर रेबेकाबाईंच्या शेजारी बसल्या.

"कल्याना," त्या म्हणाल्या, "तू हायेस का रं तिथं? मला यायचंय बाबा तुझ्याकडं. लई यायचंय. पन ह्यास्नी अशा टाकून आले, तर तुझ्या हातचं जेवान मला गोड लागायचं न्हाई."

कल्याणचा फोन कट झाला, का त्यानं केला, हे गोरक्षला कळलं नाही. पाटीवाल्यानं पाटी काखेत मारली आणि निघून गेला. रेबेकाबाईंनी मग गोरक्षकडून नंबर घेऊन लेकीशी बोलायला छबूबाईंचा फोन घेतला, तो बराच वेळ चालला, आणि थोड्या वेळानं तोही बंद पडला.

त्यानंतरची दुपार गोरक्षनं कशी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक. आईचा फोन बंद. कल्याणचा लागत नव्हता. एंजेला गाडी चालवत असणार, ती उचलत नव्हती. रेश्मा डबा घेऊन आली, त्याला झालेलं सांगायला लावलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग बरोबरच केलं आत्यांनी. गोरक्ष तिच्यावर खेकसला. बरोबर म्हणायचं तर बोट चुकली, चूक म्हणायचं तर बाईंना टाकायला हवं होतं. खरं बोलून आपण आईचा घात केला का, हे त्याला उलगडेना. खोटं बोललो तेव्हा एक भाऊ गेला. खरं बोललो तर तोच भाऊ पुन्हा गेला. मग माणसानं बोलावं तरी काय? त्यानं एका रिकाम्या टेम्पोला भरलेल्याची पावती दिली आणि ड्रायव्हरनं ती मुकाट्यानं परत आणून दिली. अमृतनं माल खाली करून आपली रिकामी गाडी तोलून घेतली, तरी तो घरी गेला नाही. त्याला बाईंची काळजी होती. तो शेडच्या कडेला बसून राहिला.

दिवस कलला. यार्डातल्या गाड्या कमी झाल्या. दिवे लागायच्या सुमारास मोबाईल वाजला. कल्याण.

"आई पोचली," कल्याण म्हणाला.

त्यानं सगळं भराभरा सांगितलं. एंजेला आली, दोघींना गाडीत घातलं, आणि घरी न जाता तशीच बंदरावर घेऊन आली. तुमच्या आईंमुळं माझी आई एकटी राहिली नाही, आता ह्यांना पोचवल्याशिवाय मी जाणार नाही, असं म्हणाली म्हणे. दार बंद करायला माणसं आली होती. कल्याण तिथं सकाळपासून चार वेळा येऊन गेला होता, मुख्य आचाऱ्याच्या शिव्या खाऊन.

"खरं?" गोरक्षनं विचारलं.

त्यानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"खरंच पोचली ना, कल्याण? का मला घोर नको म्हनून सांगतोस? तसं आसंल तर..." आणि तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

"दादा," कल्याण म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "माझं आसंच हुतं, बघ. घरून कुनीबी सगळं बरं हाय म्हनलं, की मी इचारतो, खरं का? आईला इचारतो, वैनीला इचारतो. तरी झोप येत न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच गोरक्षला ते झेपेना.

तुझ्या भल्यासाठी बोललो होतो, हे उत्तर दोन वर्षं त्याच्या जिभेवर तयार होतं. ते आता येईना. आपण या पोराचं नुसतं बापाचं शेवटचं दर्शन नाही घालवलं, घरचा फोन आला की निवांत ऐकायचं सुखही घालवलं, हे त्याला आज समजलं. एक दुपारभर त्यानं स्वतः ते सोसलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

कल्याणनं कॅमेरा चालू करून आईकडं फिरवला. छबूबाई एका पांढऱ्याशुभ्र पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, हातात वरणभाताची वाटी. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि फोन सापडल्यावर हसल्या.

"गोरक्षा, दोन तास म्हनला हुतास, बरोबर दोनच तासांत आली बग पोरगी," त्या म्हणाल्या. "बाई लई रडल्या लेकीला बगून. जेवला का तू?"

गोरक्षनं मान हलवली. अमृत शेडखालून उठून त्याच्या खांद्यावरून पडद्यात बघत होता, त्याला गोरक्षनं बाईंची खुशाली खुणेनंच कळवली. तिकडं कुठं तरी मोठा भोंगा वाजला आणि छबूबाईंनी दचकून वाटी धरली.

"बोट सुटली," कल्याण म्हणाला. "आता रेंज जाईल, दादा."

"जाईस्तवर बोल," गोरक्ष म्हणाला.